सुई पडली अन् मी गाडी थांबवली

त्या दिवशी गाडीत सहा जण होतो. नावं घेत नाही, नात्यानं सांगते. चाकावर भाईजान, म्हणजे आमच्या ह्यांचे जुने दोस्त, लखनौच्या चौक मोहल्ल्यात राहणारे, ड्रायव्हर. त्यांच्या बाजूले माझे दीर, गावाहून आलेले. खिडकीपाशी मी. मागच्या सीटवर नवरदेव, नवरी अन् नवरदेवाची बुआ, म्हणजे आत्या. सातवं कोणी नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण मागून चौकात लोक बोलत की अख्खी बारात उभी होती अन् त्या बाईनं सगळ्यांसमोर तमाशा केला. बारातीची बस पहाटेच सीतापूरच्या रस्त्याले लागून गेली होती. तिथं आम्ही सहाच होतो, अन् आंब्याची झाडं.

आणीबाणी उठून गेल्यावरचा जेठ होता, म्हणजे मे-जूनचा भर उन्हाळा. आम्ही छावणीच्या कडेले, सदर बाजाराच्या मागं एका खोलीत राहत होतो. आमचे हे वर्ध्याकडचे, मीही तिकडचीच. छावणीत एका साहेबाची मोटार चालवायले म्हणून हे लखनौले आले अन् मले घेऊन आले. साहेब रिटायर होऊन आपल्या मुलखाले गेले तेव्हा त्यांची ती जुनी काळी विलायती मोटार कोणी घेईना. ह्यांनी घेतली. लग्न, स्टेशन, दवाखाना, जिथं लागेल तिथं भाड्यानं चालवायची. चांगली चालली काही वर्षं. मग एक दिवस ह्यांच्या छातीत कळ आली. रिक्षात घालून नेलं. दवाखान्याच्या फाटकातच गेले. याच्यापुढं त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

तेरवी करायची नाही आमच्यात, पण लोक आले. सगळे गेले, दीर राहिले. ते म्हणाले, वहिनी, गाडी विका, खोली सोडा, पोरांले घ्या अन् गावी चला. गावात माणसं आहेत. इथं तुमचं कोण आहे?

गावी मले काय होतं ते मले माहीत होतं. त्यांच्या घरातला एक कोपरा, त्यांच्या बायकोचं तोंड, अन् दुसऱ्याच्या वावरात निंदण. पोरगी अन् पोरगा इथं शाळेत जात होते. हिंदी बोलत होते, मास्तरीण म्हणायची दोघं हुशार आहेत. गाडी गेली म्हणजे लखनौ गेलं, अन् लखनौ गेलं म्हणजे ती शाळा गेली. म्हणून मी गाडीले धरून बसली. भाईजान म्हणाले, भाभी, मी चालवतो, तुम्ही मालकीण. झालं.

दिराले ते पटलं नाही. गाडी ह्यांच्या नावाची होती, अन् गावातले लोक म्हणत की भावाची चीज भावानं पाहावी. ते म्हणाले, ठीक आहे, लगनसरा संपेपर्यंत मी इथं राहून पाहतो. पण एकदा जरी गाडी रस्त्यात बंद पडली, तं मी गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे. त्याच्यानंतर काही बोलायचं नाही. मी हो म्हटलं नाही अन् नाही पण म्हटलं नाही. डाळ ढवळत होती, ढवळत राहिली.

आता गाडी कशी तापते ते सांगावं लागेल, नाही तं पुढचं समजणार नाही.

इंजिनाच्या भोवताल पाणी फिरत असते. ते पाणी पुढच्या जाळीमागं रेडिएटरमध्ये येते, हवेनं थंड होते अन् पुन्हा आत जाते. हवा लागली नाही तं थंड होत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. आता पाणी किती तापलं हे आत बसल्या माणसाले कळावं कसं? त्यासाठी इंजिनाच्या माथ्यावर, पुढच्या अंगाले, एक पितळी नट असे. सहज दिसत नसे, नळ्यांच्या आड लपलेला. बोटानं चाचपून शोधावा लागे. त्या नटाखाली पाण्यात बुडून बसलेला एक बल्ब. बल्ब म्हणत, पण उजेडाचा नाही, करंगळीएवढी पितळेची बंद नळी समजा. लखनौचे मिस्त्री त्याले 'हीट का बल्ब' म्हणत. त्यातून तांब्याची नळी निघे, सुतळीहून बारीक, अन् मधल्या पत्र्याच्या भोकातून आत येऊन समोरच्या मीटरले लागे. बल्ब, नळी अन् मीटर, तिन्ही एकच, कारखान्यातून जोडलेले. नळीत काहीतरी भरून बंद केलेलं. बल्ब तापला की ते फुगे अन् सुईले ढकले. आता म्हणे सगळ्या तारा असतात. तेव्हा ते असं होतं.

हे मले ह्यांनी शिकवलं, शिकवायचं म्हणून नाही, हात कमी पडत म्हणून. नट सोडवताना नळी नटाबरोबर फिरली की पीळ पडतो अन् तुटते. म्हणून एकानं नळी धरायची अन् दुसऱ्यानं पाना फिरवायचा. धरायचं काम माझं. इतकं जोरानं नाही की दबून जाईल, इतकं सैल नाही की फिरेल. मी उन्हाळ्याच्या आधी अन् दिवाळीच्या मागं, असा तो बल्ब काढताना दर वेळी नळी धरून उभी राहायची.

लखनौचं पाणी जड. भांड्याले, बंबाले पांढरा खार धरते, तसा त्या बल्बालेही धरे. खार चढला की आच आत पोचायले वेळ लागे. इंजिन उकळून जाई अन् सुई मधातच उभी. हे तो खार वाळूच्या कागदानं घासत. मी म्हटलं, तांब्याचा बंब मी वाळूच्या कागदानं घासते का? चिंचेचा कोळ लावून बल्ब वाटीत ठेवून दिला, नळीची वळी बाजूले टेकवून. मग फडक्यानं पुसला तं पिवळाधमक. हे म्हणाले, "आता गाडीले कढी पण पाज." हसले, पण त्याच्यानंतर चिंचच वापरली.

अन् मग पारख. स्टोव्ह गाडीच्या बाजूले आणायचा, देगचीत पाणी उकळायचं, बल्ब त्यात सोडायचा. हे आत बसून मीटर पाहत. पाणी खळखळ उकळलं की सुई लाल रेघेपाशी गेली पाहिजे. तिथं गेली तं बल्ब खरा. एक डाव मी बल्ब उकळत्या पाण्यातून जरा वर उचलला, हात भाजत होता म्हणून. आतून हे म्हणाले, "पडली सुई." मी म्हटलं, पाणी तं उकळूनच राहिलं. तेव्हा त्यांनी बाहेर येऊन सांगितलं की बल्बाले पाणी लागून नसलं की त्याले काही समजत नाही. पाणी संपलं तं सुई खाली येते, अन् ड्रायव्हर समजतो गाडी थंड झाली. अशानंच इंजिनं जळतात. मी ऐकून घेतलं अन् देगचीतल्या उरल्या पाण्यात भांडी धुतली.

हे गेल्यावर पहिल्या उन्हाळ्यात भाईजाननं गाडी एका मिस्त्रीकडे नेली. मी सोबत गेली. बल्ब काढायची वेळ आली तेव्हा मी नळी धरायले पुढं झाली, तं तो म्हणाला, आप हटिए, ग्रीस लग जाएगी. एकट्यानं पाना फिरवला. नळी तुटली. सुई तिथंच मेली. तो म्हणाला, बिना मीटरची चालवा, लखनौत अर्ध्या गाड्यांचे मीटर मेलेले आहेत. खोटं नव्हतं ते. भाईजानही म्हणाले, "भाभी, मीटर वो देखे जिसके कान न हों।" ते कानानं गाडी चालवत, अन् चांगली चालवत. दीर म्हणाले, पाहा, सुरू झालं.

मी रविवारी नक्खासच्या जुन्या बाजारात गेली. तिथं जुन्या गाड्यांचं सगळं मिळे, हँडलपासून हॉर्नपर्यंत, जमिनीवर मांडून. एका कबाड्याकडे तसलाच मीटर होता, नळी अन् बल्ब लागलेला. तो शपथ घेऊन राहिला की चालू आहे. शपथेनं सुई हलत नाही. बाजूले चहावाल्याची पतेली उकळत होती. मी मीटर एका हातात धरला अन् चहावाल्याले म्हटलं, भैया, जरा हे गरम पाण्यात सोडू देता का? त्यानं माझ्याकडं पाहिलं, त्या नळीकडं पाहिलं अन् मोठ्या अदबीनं विचारलं, "बहनजी, चाय आप पिएँगी या मोटर पिएगी?" सगळे हसले, मीही हसली. मग त्यानं वेगळ्या डब्यात उकळतं पाणी काढून दिलं. सुई सरसर चढून लाल रेघेले टेकली. मी मीटर घेतला, अन् त्याचा चहा पण प्यायली.

घरी येऊन बसवला. नळी मी धरली, पाना भाईजाननं फिरवला. दीर खाटेवर बसून पाहत होते, म्हणाले, बाईमाणसानं इंजिनात हात घातलेला मी आजच पाहतो. मी म्हटलं, मग नीट पाहून घ्या.

तेव्हाचं हे लग्न. पोरगी चौकातली, सासर सीतापूरकडं. सकाळची बिदाई होती. गाडी गल्लीत शिरत नव्हती म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभी केली. लग्नाच्या भाड्याले मी एरवी जात नव्हती. पण नवीन मीटरची ही पहिली लांबची फेरी, अन् भाईजानले सुईकडं पाहायची सवय नव्हती. म्हणून मी निघाली. भाईजाननं त्या लोकांले सांगून दिलं की गाडीचं पाणी पाहणारी सोबत आहे. त्यांनी काही विचारलं नाही. मी डोक्यावरून पदर घेऊन, पायात पाण्याचा डबा ठेवून बसली. दीर म्हणाले, मीही येतो. त्यांले पाहायचं होतं, मले माहीत होतं.

माळ्यानं गाडी सजवली होती. बेल्याच्या, म्हणजे मोगऱ्याच्या लड्या, गुलाब, टपावरून खाली सोडलेल्या. तेवढं ठीक. पण पुढच्या जाळीवर त्यानं लड्यांचा असा दाट पडदा बांधला होता की बोट जाणार नाही. अन् फुलं सुकू नयेत म्हणून पडद्याच्या मागं ओलं टाट, म्हणजे गोणपाट, बांधलेलं. लखनौत तेव्हा लग्नाच्या गाड्या अशाच सजवत, थंडीच्या दिवसांत काही बिघडत नसे. पण हा जेठ होता. सकाळीच ऊन असं की डबा धरवत नव्हता. मी माळ्याले म्हटलं, भैया, जाळी खुली ठेवा, टाट काढा. तो काढायले वाकलाच होता, तेवढ्यात बुआ आली. अंगभर साडी, हातात गंगाजलाची लुटिया. म्हणाली, दूल्हे की गाड़ी का माथा नंगा जाएगा क्या? माळ्यानं हात मागं घेतला. दीर माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, चूप बसा. लोकांचं लग्न आहे."

मी बसली. गाडी सुरू झाली.

चौकापासून पुढच्या चौराह्यापर्यंत बँडच्या मागं चालायचं होतं. बँडवाले दहा पावलं चालत अन् थांबून पुन्हा वाजवत. नवरीच्या भावांले नाचायचं होतं, गल्लीतली पोरं फटाके लावत होती. गाडी मुंगीसारखी. सुई मधातून निघाली अन् चढायले लागली. मी भाईजानले सांगितलं. ते म्हणाले, खुल्या रस्त्याले लागलो की हवा लागेल. हवा कुठून लागेल, टाटातून? पण चौराह्यावर बँड थांबला अन् गाडी मोकळी झाली. भाईजाननं वेग धरला. सुई लाल रेघेवर जाऊन बसली. समोरून वाफेचा वास यायले लागला, बोनेटच्या फटीतून पाणी उडून काचेवर शिंतोडे पडले. भाईजाननं वायपर चालवला. मागं नवरदेव सेहरा काढून त्यानं हवा घेत होता. नवरी घुंघटातच.

शहर मागं पडलं होतं. दोन्हीकडं आंब्याच्या बागा लागल्या. अन् सुई एकाएकी खाली आली. लाल रेघेवरून मधात, मधातून पार खाली, जशी सकाळी गाडी सुरू करताना असते तशी.

दिराले हायसं वाटलं. "उतरली," ते म्हणाले. "उगाच घाबरवता तुम्ही माणसाले."

मी म्हटलं, "भाईजान, रोको।"

भाईजाननं कान दिला. म्हणाले, आवाज़ तो ठीक है, भाभी. पण ॲक्सिलेटरवरचा पाय त्यांनी ढिला केला. मागून बुआ म्हणाली की बिदाईची गाडी सासरच्या दारात जाऊनच थांबते, रस्त्यात थांबत नाही, थांबली तं नवरीचा पाय चुकीच्या जमिनीवर पडतो. दीर म्हणाले, चला, चला, कशाले थांबता. भाईजान माझ्याकडं पाहून राहिले अन् रस्त्याकडं पाहून राहिले. गाडी चालूच होती.

त्या वेळी मी गाव पाहिलं नाही, शाळा पाहिली नाही, काही नाही. मले फक्त तो बल्ब दिसला, कोरडा, गरम लोखंडात लटकलेला. मी दिराच्या अंगावरून हात घातला अन् चाबी फिरवली.

इंजिन बंद झालं. गाडी आपल्या वजनानं सरकत गेली अन् भाईजाननं ती झाडाखाली घेतली. मी दार उघडून उतरली. बोनेट उघडलं तं आत वाफसुद्धा नव्हती. वाफ व्हायले पाणी लागते. सगळं पाणी उकळून उडून गेलं होतं. इंजिनातून नुसती आच येत होती, चुलीसारखी, अन् जळक्या रबराचा वास.

मी पहिल्यांदा जाळीवरची फुलं तोडली. सोडवत नाही बसली, तोडली. टाट वाळून कडक झालं होतं, ते ओढून काढलं. तेवढ्यात बुआ उतरून आली. माझा पदर तोपर्यंत डोक्यावरून पडला होता. तिनं माझं कपाळ पाहिलं, हात पाहिले. अन् तिले समजलं.

"बेवा हो तुम?" ती म्हणाली.

मी म्हटलं, हाँ.

"बेवा होके दुल्हन की गाड़ी के फूल नोच रही हो? शरम नहीं आती?"

मी हातातलं टाट बाजूले फेकलं. म्हटलं, "गाड़ी मेरी है। हाथ भी मेरा ही लगेगा।"

ती म्हणाली, हात लावायचाच असेल तं ड्रायव्हर लावेल, हा दुसरा माणूस लावेल, तू दूर उभी राहा, सावली पण पडू देऊ नको. भाईजान तोपर्यंत उतरले होते. ते कधी मोठ्यानं बोलत नसत. म्हणाले, "बुआजी, मुसलमान की चलाई गाड़ी में बैठके यहाँ तक आ गईं। इनके हाथ से क्या घिस जाएगा?" बुआनं तोंड फिरवलं. दीर खाली पाहत होते. त्यांले माझी लाज वाटत होती, अन् ते लपवतही नव्हते.

मग दिराले वाटलं असेल की लवकर निपटून टाकावं. त्यांनी गाडीतून डबा काढला अन् पाणी टाकायले निघाले. मी आडवी झाली.

"भाऊजी, डबा खाली ठेवा."

"पाणी पाहिजे ना तुमच्या गाडीले? टाकतो ना!"

"तापल्या लोखंडावर थंडं पाणी टाकलं तं तडकते. मग विकायले पण काही राहणार नाही. ठेवा खाली."

"लोक पाहून राहिले, वहिनी."

"कोणते लोक? सहा तं आहोत."

त्यांनी डबा सोडला नाही. मी त्यांच्या हातातून ओढून घेतला, जमिनीवर ठेवला अन् त्याच्यावर बसून गेली. आता हे आठवलं की मले हसू येते, तेव्हा येत नव्हतं. भर उन्हाळ्यात, रस्त्याच्या कडेले, फुलांच्या गाडीसमोर एक विधवा बाई डब्यावर बसलेली. दोन सायकलवाले थांबले, पाहिलं अन् गेले. बुआ म्हणाली की मुहूर्त टळून राहिला. मी म्हटलं, टळू द्या. दुसरी गाडी आणायची तं आणा. दुसरी गाडी कुठून येणार होती? बस पुढं गेली होती, टांगाही दिसत नव्हता. नवरदेव बिचारा अचकन उघडून झाडाले टेकून उभा होता. तो त्या सगळ्या वेळात फक्त एकदा बोलला. बुआ, बैठ जाइए, चक्कर आ जाएगा. बुआ बसली नाही.

मी बसूनच राहिली. इंजिनावर हात ठेववेल तोपर्यंत थांबायचं, असं हे सांगत. अधूनमधून उठून हात लावून पाही, भाजलं की पुन्हा येऊन बसे.

मागच्या दारातून नवरीनं हात बाहेर काढला. मेंदीचा हात, कोपरापर्यंत रंगलेला. घुंघटातून म्हणाली, पानी. एवढंच. तिच्या घरच्यांनी पाण्याची सुराही बसमध्ये ठेवून दिली होती. पाणी फक्त माझ्या डब्यात होतं. बुआ म्हणाली, थोड़ी देर रुक जाओ बेटी, गाँव आ जाएगा. नवरीनं हात मागं घेतला नाही. तेव्हा मी डब्यावरून उठली. डबा मी रोज घासून भरत होती, त्यातलं पाणी मी स्वतःही प्यायची. झाकणात ओतून तिले दिलं. ती प्यायली अन् झाकण पुन्हा पुढं केलं. पुन्हा दिलं. मी त्यात मोठं काही पाहत नाही. पोरगी मणभर जड कपड्यांत कोंडून बसली होती, तिले तहान लागली होती. पण बुआनं मग मले विचारलं, कौन बिरादरी हो? मी सांगितलं, बौद्ध. बुआनं कपाळाले हात लावला. विधवा होती ते कमी पडलं जसं.

इंजिन हाताले सोसवेल असं झालं, तेव्हा मी गोणपाट गुंडाळून रेडिएटरचं झाकण अर्ध फिरवलं, थांबली, मग पूर्ण काढलं. पाणी थोडं थोडं सोडलं, भाईजानले गाडी चालू करायले लावून. पाणी आत घसघस करत गेलं. मी खिडकीतून मीटर पाहत होती. सुई खालीच होती. मग हलली. मग चढली अन् मधात येऊन उभी राहिली. पाणी बल्बाले लागलं होतं. भाईजान म्हणाले, "अब मैं भी मीटर देखा करूँगा।" मी त्यांले म्हटलं, कान पण ठेवा.

बुआनं गाडीवर गंगाजल शिंपडलं, सीटवर शिंपडलं, मी बसणार होती त्या बाजूले जास्त. बोनेटवर पडलं ते तिथंच सुकून गेलं. मग ती बसली, कारण ऊन होतं. जाळी उघडी ठेवून आम्ही गेलो. सुई मधातून हलली नाही.

सासरच्या दारात बुआनं उतरल्या उतरल्या सगळं सांगितलं. मले फाटकाच्या बाहेर थांबायले सांगितलं. जेवण भाईजानले आलं, दिराले आलं, माझ्यासाठी आलं नाही. भाईजाननं आपली पत्तल गाडीत आणून मधात ठेवली अन् आम्ही दोघांनी त्यातून खाल्लं. पुऱ्या चांगल्या होत्या. दिरांनी आत बसून खाल्लं.

वापस येताना दीर मागच्या सीटवर बसले. लखनौ जवळ आलं तेव्हा बोलले.

"गाडी रस्त्यात थांबली. बोललो होतो मी तुम्हाले."

"थांबली नाही. मी थांबवली."

"एकच झालं."

"एक नाही झालं. थांबली असती तं आज ओढून आणावी लागली असती. बसा, कशात बसून चाललात ते पाहा."

ते म्हणाले, आता चौकातलं एकही लग्न येणार नाही, तुमचा हात लागलेली गाडी कोण नेईल. मी म्हटलं, नाही नेली तं नाही. ते म्हणाले, "मग ठेवता कशाले?"

"चालते म्हणून."

ते काही दिवसांनी गावी गेले. गिऱ्हाईक घेऊन आले नाहीत. गावात सांगितलं की वहिनी हाताबाहेर गेली. ते काही चुकीचं सांगितलं नाही.

त्यांचं एक मात्र खरं ठरलं. त्या गल्लीतली अन् आजूबाजूची लग्नं बंद झाली. एका घरानं ठरवलेली गाडी आदल्या दिवशी नको म्हणून कळवलं. त्या वर्षी आम्ही वरण जरा पातळच खाल्लं. मी गावी लिहिलं नाही की पातळ आहे. मग भाईजानच्या मोहल्ल्यातले लोक गाडी नेऊ लागले, निकाहले, बाळंतिणीले आणायले. आमच्या लोकांची लग्नं विहारात होत, ते नेत, त्यांले माझ्या हाताचं काही नव्हतं. छावणीतल्या म्हाताऱ्या साहेबांले दवाखान्यात नेण्याआणण्याचं काम लागलं. असं करत गाडी ऐंशीच्या पुढं कितीतरी वर्षं चालली. पोरगी मोठी झाली तशी नळी तिनं धरली अन् पाना मी फिरवला. तिची शाळा झाली, कॉलेज झालं, पोराचंही झालं. मग पार्ट मिळेनात, तेव्हा मी गाडी देऊन टाकली, माझ्या मनानं, मले वाटलं तेव्हा.

आता मी मुलाकडे लखनौतल्याच वृंदावन योजना नावाच्या नव्या वस्तीत राहते. इथंही लग्नाच्या गाड्या निघतात. नात म्हणते, दादी, आप हर गाड़ी का मुँह क्यों देखती हो. मी पाहते. अजूनही जाळीवर फुलं बांधतात. अन् अजूनही आरती ओवाळायच्या वेळी कोणी एक बाई मागं भिंतीशी उभी असते, आपली आपण, कोणी सांगितलं नाही तरी.

तुम्ही जे कोणी हे वाचत असाल, तुमच्याकडे लग्न असलं तं गाडीची जाळी उघडी ठेवा. अन् रस्त्यात कोणी बाई उतरून गाडीले हात लावत असली, तं तिले लावू द्या. ती कोण, तिचा नवरा आहे की नाही, हे विचारू नका.